कॉलरपुरती

टीप संपली आणि माझा डावा हात आपोआप बाजूला गेला. तुकडा पुढं द्यायला. घ्यायला तिथं कोण होतं? तुकडा गेला सरळ खाली, दुकानाच्या त्या चकचकीत फरशीवर. टायवाला विक्रेता वाकून म्हणाला, "असू दे मावशी, मी उचलतो." लेक हसली. "आई, मशीनला घाबरलीस की काय?" मग मीही हसले. पाय घसरला की आधी आपणच हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला फारसं हसता येत नाही. कारखाना सोडून मला वर्षं लोटली. केस पिकले, चष्मा बदलला, नात झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली, आता तर उलटून बोलायला लागली. आणि हा हात अजून तिथंच बसलाय. त्याला कुणी सांगितलंच नाही, की बाबा रे, सुटी झाली, घरी जा. डबा भरून रोज जातोय बिचारा कामाला.

दुकान म्हणजे नुसती मशीनच मशीनं. पांढरी, गुलाबी, एक तर आकाशी, बाळाच्या खेळण्यासारखं. वर दिवे असे, की माणसाच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती लपू नये. मला बसवलं होतं एका गोल स्टुलावर, त्याला पाठ नाही. ह्या बिनपाठीच्या स्टुलांशी माझं जन्माचं वैर. कारखान्यात पण असलंच होतं, पाठ टेकली तर माणूस झोपेल म्हणून. टायवाला एकेका मशीनवर हात ठेवून बोलत होता. स्थळ दाखवावं तसं. "हे बघा मावशी, ह्याच्यात सुईत दोरा आपोआप जातो. काज आपोआप. नक्षीचे शंभर टाके आत भरलेलेच आहेत. पानं, फुलं, बदकं. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही नुसतं आरामात बसायचं!"

"बसूनच मणके झिजलेत, बाबा."

तो हसला, पण त्याला कळलं नाही. लेकीला वाटलं मी गंमत करतेय. ती आज खुशीत होती. सुटी काढून आली होती, केस मोकळे सोडले होते, खांद्यावर मोठी पिशवी. ती त्याला म्हणाली, "तुम्ही माझ्या आईला मशीन समजावून सांगू नका. तिनं अख्खा जन्म शिवणात घालवलाय. तुम्ही फक्त चांगलं मशीन दाखवा, बाकी ती बघेल." असं म्हणताना तिचा आवाज थोडा चढतो, लहानपणी बक्षीस घेऊन घरी यायची तेव्हा चढायचा तसाच. टायवाला लगेच सरळ झाला. "अरे वा, म्हणजे मावशी मास्टर आहेत." आणि मी खाली बघत बसले. खाली बघायला मला कधी कष्ट पडत नाहीत. मानच तशी राहिलीय.

शंभर टाके म्हणे. मी उभ्या आयुष्यात एक टाका घातला. सरळ. तोही एकाच जागी. शर्टाचं अंग माझ्या उजवीकडून यायचं, खांदे जोडलेलं, बिनबाह्यांचं, बिनगळ्याचं, कुणीतरी अर्धवट टाकून दिल्यासारखं. कॉलर तयार असायची ढिगात. मी कॉलरीचा मध्य गळ्याच्या मध्याला धरायचा, बोटानं दाबायचा, पाय द्यायचा, गोल फिरवत टीप न्यायची त्या टोकापर्यंत, दोरा तोडायचा, आणि डावीकडे द्यायचं. झालं. त्या अंगाचं पुढं काय झालं, त्याला बाह्या कशा लागल्या, बटणं कुठली, कोणी घातला, कोणी घालून लग्नाला गेला, कोण त्याच कॉलरीला धरून भांडला, ते मला काही ठाऊक नाही. शर्ट पूर्ण झालेला मी पाहायची तो फक्त रस्त्यावर, लोकांच्या अंगावर. आणि तिथंही माझी नजर कॉलरीवरच जायची. माणूस पुढून बोलत असायचा आणि मी त्याच्या गळ्याकडे बघायची. हिचे वडील एकदा वैतागून म्हणाले होते, "अगं, मी वर आहे. इथं वर, तोंड आहे मला." चांगला माणूस होता. जाईपर्यंत चांगलाच राहिला.

उजवीकडे खांदेवाली. डावीकडे ठेंगणी, ती बाह्या जोडायची. तिच्या पलीकडे कफवाली, कफाशी बाहीला बारीक चुण्या असतात ना, त्या तिच्याकडे. मग घेर दुमडणारी, मग काज करणारी, तिला आम्ही आत्या म्हणायचो, का ते विसरले. बोलायचं नाही असा नियम होता, आणि बोलून ऐकू येण्यासारखं काही नव्हतंही, एवढा आवाज. मशीन सुरू झालं की डोक्यात मधमाश्यांचं पोळं फुटायचं, ते घरी आल्यावरसुद्धा घोंघावत असायचं, भांडी घासताना, पोरीचा अभ्यास ऐकताना. मला ठेंगणीचा चेहरा नीट आठवत नाही. हात मात्र आठवतो. अंगठ्याचं नख दुभंगलेलं, मनगटावर भाजल्याची खूण. जन्मभर ज्या बाईच्या हातात मी माझं काम दिलं तिला एकदा भाजीच्या दुकानात पाहिलं, तर ओळखलंच नाही. तिनंच हाक मारली. मी आपली हो हो करतेय, कोण ही, कोण ही, आणि मग तिनं पिशवी पुढं केली आणि अंगठा दिसला. "अगं तू होय!" म्हटलं. ती म्हणाली, "मग कोण? तुझी सासू?" दोघी दुकानात खो-खो हसलो. त्यानंतर भेट नाही. ती कुठं राहते हेही विचारायचं राहिलं. जवळ बसणाऱ्याचा पत्ता माणूस कुठं विचारतो?

"आई, कुठं आहेस? हे बघ, हे पाहिजे आपल्याला." लेकीनं मला कोपरानं ढोसलं. ते आकाशी होतं. आणि मग तिनं खांद्यावरची पिशवी काढली, आतून कागदात बांधलेलं कापड काढलं आणि मशीनवर पसरलं. पिवळं. हळदीच्या अलीकडचं, जरा लिंबाकडं झुकलेलं पिवळं. "मिळत नव्हतं. किती दुकानं पालथी घातली! हुबेहूब आहे ना? चिमीला सांगून ठेवलंय, वाढदिवसाला आजी तुला आईसारखा फ्रॉक शिवणार. ती रोज विचारते, झाला का, झाला का." टायवाल्याकडे वळून म्हणाली, "मी लहान असताना आईनं मला एक फ्रॉक शिवला होता. गोल कॉलर, कमरेला चुण्या. असा फ्रॉक आख्ख्या शाळेत कुणाचा नव्हता. घरी मशीन नव्हतं तरी शिवला. मशीन असतं तर काय केलं असतं तिनं! तेव्हाच ठरवलं होतं मी, एक दिवस आईला घरी मशीन घेऊन देणार."

घरी मशीन असतं तर. हे वाक्य हिचे वडील म्हणायचे. पोरगी दुसऱ्या फ्रॉकसाठी हट्ट करायची आणि ते तिला मांडीवर घेऊन सांगायचे, "घरी मशीन असतं ना, तर तुझ्या आईनं ढीग लावला असता फ्रॉकांचा." मी चुलीपाशी असायची. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही चुकीचं ऐकूच आलं नाही. बाई शिवणाच्या कारखान्यात जाते म्हणजे तिला शिवता येतंच, त्यात विचारायचं काय? मलासुद्धा वाटायचं, की येत असेल. हात एवढा चालतो म्हणजे कुठंतरी आत बाकीचंही असेलच, निवांत बसले की बाहेर येईल. मग हळूहळू कळलं, आत काही नाही. आत फक्त कॉलर आहे.

तो पिवळा फ्रॉक. कापड कापणाऱ्या मास्तरनं गुंडाळीच्या शेवटी उरलेला तुकडा दिला होता. म्हणाला, "पोरगी केवढी आहे?" मी हातानं दाखवलं, एवढी. त्यानं तेवढ्यावर खडूनं रेघा मारल्या आणि कापून दिलं. जेवणाच्या सुटीत मुख्य बटण बंद असायचं, मशीनं मेलेली. तर बायांनी डबे बाजूला सारले आणि मशीनची चाकं हातानं फिरवून टिपा घातल्या. खांदेवालीनं खांदे जोडले, माझ्याकडे सरकवलं. मी कॉलर बसवली, ठेंगणीकडे दिली. ठेंगणीनं बाह्या लावल्या. कफवालीनं त्या बारीक चुण्यांच्याच बेतानं कमरेला मोठ्या चुण्या घातल्या, तोंडात घास तसाच होता तिच्या. आत्यानं काजं केली, बटणं शर्टाचीच. एवढी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. टाक् टाक् टाक्, एकेक टाका मोजता यावा असा. ठेंगणी म्हणाली, "नवरी सजवतोय की काय?" कफवाली म्हणाली, "नवरीला एवढ्या बाया लागत नाहीत, दोन पुरतात, एक नटवायला आणि एक रडायला." फ्रॉक शेवटून फिरून हातोहात माझ्याकडे परत आला. तेव्हा पहिल्यांदा मी केलेलं काम पुढं जाऊन पूर्ण होऊन माझ्याकडे परत आलं होतं. घरी नेला, पोरगी घालून दारोदार पळत सुटली, "माझ्या आईनं शिवला! माझ्या आईनं शिवला!" आता त्या पळत्या पोरीला थांबवून कुठली आई सांगेल, की अगं थांब, माझी फक्त कॉलर?

"काय गं, बोलत का नाहीस? रंग चुकला का?"

मी त्या पिवळ्या कापडावरून हात फिरवला. मऊ होतं. त्या वेळच्या कापडापेक्षा पुष्कळ मऊ. मनात आलं, गप्प बसावं. मशीन घरी न्यावं, कापड कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्यावं, फ्रॉक आणून मशीनवर ठेवावा, दोन चिंध्या आणि दोऱ्याचे तुकडे खाली टाकावेत, शिवल्यासारखे. चिमी नाचेल, लेक नाचेल. मग पुढच्या वाढदिवसाला पुन्हा. मग शेजारणीचं ब्लाऊज. मग व्याहीणबाईंची उशीची खोळ. शिंप्याशी संगनमत, चोरून जाणं, चोरून येणं, पिशवी पदराखाली. नुसत्या विचारानंच माझे खांदे गळाले. खोटं सांभाळायला माणूस ताजातवाना लागतो. माझ्यात आता तेवढा जीव नाही.

"अगं," मी म्हटलं, "मला फ्रॉक येत नाही."

"काय येत नाही?"

"शिवायला. फ्रॉक. झबलंसुद्धा नाही. उशीची खोळ कदाचित जमेल."

ती हसली. टायवालाही हसला, मास्टरनं विनोद केला म्हणून. "आई, पुरे हं. मशीन नको असेल तर तसं सांग, पैशाचा विचार करू नकोस."

"मला कॉलर येते. एवढंच काम होतं माझं. कॉलर लावायची आणि पुढं द्यायची."

"मग माझा फ्रॉक?"

"त्याची कॉलर माझी."

"आणि बाकीचा काय आभाळातून पडला?"

"खांदे खांदेवालीचे. बाह्या ठेंगणीच्या. चुण्या कफवालीच्या. काजं आत्याची. कापला मास्तरनं." मी बोटांवर मोजत नव्हते, पण हात मशीनवर एकेक जागा सरकत होता, उजवीकडून डावीकडे. तिनं तो हात पाहिला. मग तिचा चेहरा बदलला. रागाचा म्हणावा तर राग नाही, तिचा कुणीतरी गर्दीत हात सोडून दिल्यासारखा.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस? दुकानात?"

"मग कुठं सांगू? तू विचारलंस कधी?"

"त्यात विचारायचं काय असतं, आई? आई शिवते म्हटल्यावर शिवते! मी सगळ्यांना सांगत फिरले. सासूबाईंना सांगितलं. शाळेतल्या निबंधात लिहिलं होतं मी. बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"बाबांनासुद्धा नाही!" तिचे डोळे भरले आणि त्याचाच तिला जास्त राग आला. टायवाला एका मशीनवर धूळ नसताना फडकं मारत होता, बिचारा. ती म्हणाली, "मी येते जरा," आणि काचेचं दार ढकलून बाहेर जाऊन उभी राहिली. फोन कानाला लावला. काचेतून तिची पाठ आणि एक गाल दिसत होता. ओठ हलत नव्हते, ते बाजूनं मला दिसत होतं. पलीकडे कुणी नव्हतं.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे, त्यानं कधी बोललेलं नसावं. मला काही हलकं वाटलं नाही. फक्त दमल्यासारखं वाटलं, पाळी संपल्यावर गेटपाशी वाटायचं तसं, की आता घरापर्यंत चालायचंय. पिवळं कापड समोर पसरलेलं. माझ्या मनात आलं, हिच्याकडे त्या वयाचं एवढंच तर होतं धरून ठेवायला. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, गळ्यात किल्ली घालून पोरगी एकटी घरी. दार आतून लावून बसायची, मी येईपर्यंत कुणाला उघडायची नाही. आई काय होती तिला? संध्याकाळी येऊन आडवी होणारी एक बाई, जिच्या कानात मधमाश्या. फ्रॉक होता म्हणून आई होती. आणि तो मी आज तिच्या अंगावरून काढून घेतला, लोकांदेखत, आणि सहा जणांत वाटला.

"मावशी," टायवाला हळूच म्हणाला, "पाणी देऊ? की… हे आत ठेवू?"

"थांब जरा. घाई आहे का तुला?"

"नाही, नाही."

"टाका लांब कसा करायचा ह्याच्यावर?"

त्यानं एक गोल कळ फिरवून दाखवली. मी कातरणाच्या टोपलीतून एक लांबट चिंधी काढली, जाडीभरडी, निळी. कफवाली काय करायची? मी तिच्याकडे सरळ कधी पाहिलं नव्हतं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून, दोन हात पलीकडे, जन्मभर दिसत होतं. टाका लांब करायची. कडेनं टीप घालायची, शेवटी दोरा कापायचा नाही, लोंबता ठेवायचा. मग खालचा दोरा धरून कापड मागं सारायचं. एवढंच दिसलं होतं. मी पाय ठेवला. तो पायडलावर पडला की सवयीनं पूर्ण दाबतो, मशीन भूत लागल्यासारखं धावलं, चिंधी हातातून निसटायला बघत होती. मी पाय उचलला. पुन्हा ठेवला, हळू, अंगठ्यानं, झोपलेल्या पोरीला पांघरूण घालताना पाय टेकवावा तसा. एक टाका. आणखी एक. हळू शिवता येतं हे मला माहीतच नव्हतं. कुणी कधी हळू चालवू दिलं नव्हतं. टोकाला पोचले, हात डावीकडे जायला लागला, त्याला म्हटलं, थांब. अजून आपलंच काम आहे.

खालचा दोरा शोधायला वेळ लागला. चष्मा पुसला. दोरा धरला, कापड मागं सारलं. सरकेना. जोर लावला तर सगळं एकदम सरकलं आणि एका टोकाला जाऊन घट्ट बोळा झाला, उरलेली चिंधी सपाट ती सपाटच.

दार वाजलं. लेक आत आली होती. डोळे पुसलेले, नाक लाल. माझ्या मागं उभी राहिली. मग म्हणाली, "हे काय?"

"चुण्या."

"सगळ्या एकाच बाजूला गोळा झाल्यात."

"होणारच. माझ्या पहिल्याच आहेत."

ती पुढून येऊन माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी गंमत करत नाहीये ना, तेवढं बघितलं. हसली नाही. टायवाल्याचं स्टूल तिनं पायानं ओढलं, माझ्याजवळ बसली, आणि त्या बोळ्यातला दोरा नखानं सैल करत म्हणाली, "इतकं जोरात ओढायचं नसतं गं. दे इकडं. आणि दुसरी चिंधी घे."